सुट्टीत टेप घेऊन जुन्या इमारती मापायचं काम मिळतं का?

मार्च संपत आला की या सदराला येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो, मे महिन्यात काय करू. दरवर्षी वेगवेगळी कामं विचारतात, या वेळी पाच पत्रं एकाच कामाबद्दल आलीत आणि ते काम माझं स्वतःचं आहे, वीसेक वर्षं मी हेच करतेय, म्हणून या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देतेय. काम म्हणजे जुन्या इमारती, पूल, बागा यांची मापं घेऊन, फोटो काढून, इतिहास शोधून त्यांची नोंद करायची. ऑफिसमधे त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात, मीही तेच म्हणते.

प्रश्न: ताई, मी लालबागला राहते, बी.आर्कच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझी मावसबहीण अमेरिकेत शिकते, ती म्हणाली तिकडे सरकार उन्हाळ्यात स्टुडंट्सना जुन्या बिल्डिंगांची ड्रॉइंग करायला पगार देऊन ठेवतं. हे खरंय का? मला इथून अप्लाय करता येईल का, आणि नसेल तर मुंबईत असं काही आहे का? घरचे म्हणतायत एखाद्या बिल्डरच्या ऑफिसात जा, तिथे थ्रीडी शिकशील.

उत्तर: मावसबहीण बरोबर सांगतेय. १९३३ साली अमेरिकेत मंदी होती, बांधकामं थांबलेली, आर्किटेक्ट घरी बसलेले. तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसमधे चार्ल्स पीटरसन नावाचे एक आर्किटेक्ट होते, त्यांनी त्या नोव्हेंबरमधे वरिष्ठांना एक टिपण लिहिलं की या बेकार आर्किटेक्टना दहा आठवडे पगार द्या आणि देशातल्या जुन्या इमारती पडायच्या आत मापून घ्या. हजार माणसांची मागणी होती, आणि पंधरा-वीस दिवसांत मंजुरीसुद्धा मिळाली. ते काम ‘हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे’ (HABS) या नावाने अजून चालू आहे. १९६९ मधे त्याला पूल, कारखाने, धरणं अशा इंजिनिअरिंगच्या वास्तूंची जोड मिळाली आणि २००० मधे बागा, शेतं, दफनभूमी अशा लँडस्केपची. पुढे पुढे उन्हाळ्यात स्टुडंट्सच्या टीम करून पाठवायची पद्धत पडली, साधारण बारा आठवडे, एका टीममधे आर्किटेक्चरवाले, इतिहासवाले, कधी लँडस्केपवाले, आणि फोटो काढायला मोठ्या फिल्मचा कॅमेरा वापरणारा फोटोग्राफर.

अप्लाय करण्याबद्दल स्पष्टच सांगते, ती सरकारी नोकरी आहे आणि त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, त्यामुळे तुला इथून तो रस्ता नाही. पण एक गोष्ट तू आज रात्रीच कर. त्या टीमनी काढलेली सगळी ड्रॉइंग, फोटो आणि लिहिलेला इतिहास वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधे जातो आणि तिथून जगातल्या कुणालाही फुकट बघता येतो, डाउनलोड करता येतो. मापताना भरलेल्या कच्च्या वह्यासुद्धा जपतात. कागद, फिल्म, शाई ५०० वर्षं टिकेल अशीच वापरायची हा त्यांचा नियम आहे. दहा-बारा शीट उघड, झूम करून बघ की जिन्याचा कठडा कसा दाखवलाय, भिंतीच्या जाडीत काय लिहिलंय, कुठली रेघ जाड ठेवलीय कुठली बारीक. तेवढ्यात तुझी रेघ सुधारेल, मी खात्रीने सांगते.

आता मुंबई. इथे अशी एक मोठी सरकारी उन्हाळी योजना नाहीये, पण काम भरपूर आहे, तुकड्यातुकड्यात विखुरलेलं. कॉन्झर्वेशन आर्किटेक्टांची ऑफिसं आहेत, ज्यांना कुठल्याही जुन्या वास्तूच्या दुरुस्तीआधी सगळी मापं घ्यावीच लागतात आणि मे महिन्यात त्यांना हात कमी पडतात. वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेची मुंबई शाखा आहे. राज्याचं पुरातत्त्व संचालनालय सेंट जॉर्ज किल्ल्याच्या आवारात आहे, तिथे जाऊन विचारायला लाजू नकोस. आर्ट डेको मुंबई ही संस्था शहरातल्या आर्ट डेको (१९३०-४० च्या सुमाराची एक बांधकामशैली) इमारतींची यादी करून ती लोकांसमोर ठेवते. आणि तुझ्या कॉलेजमधे नासाच्या (अवकाशवाली नव्हे, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची देशभरची संघटना) लुई कान ट्रॉफीसाठी कुणी टीम करत असेल तर त्यात घुस, ती डॉक्युमेंटेशनचीच स्पर्धा आहे, पगार नाही पण रात्र रात्र बसून शीट कशी उभी राहते ते तिथे कळतं.

बिल्डरच्या ऑफिसबद्दल घरच्यांशी भांडू नकोस, थ्रीडी तुला पुढेही शिकता येईल. मापायला गेलीस तर काय मिळतं ते सांगते. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मला फोर्टातल्या एका दगडी इमारतीच्या खिडकीचा उंबरा मापायला बसवलं होतं, एकच खिडकी, अख्खी सकाळ. मापता मापता लक्षात आलं की उंबऱ्याचा दगड बाहेरच्या बाजूला उतरता आहे, अर्धा-पाऊण इंच, आणि त्याच्या खालच्या बाजूला, जिथे नजर जातच नाही, बोटाएवढी खाच कोरलीय. पावसाचं पाणी उंबऱ्यावरून घरंगळत येतं, त्या खाचेपाशी अडतं आणि थेंब होऊन सरळ खाली पडतं, भिंतीवरून ओघळत नाही. शेजारच्या खिडकीची खाच कुणीतरी सिमेंटने भरून टाकली होती आणि तिच्या खालीच भिंतीवर काळा ओघळ आणि शेवाळ. दोन वर्षं कन्स्ट्रक्शनच्या लेक्चरला बसून जे डोक्यात गेलं नव्हतं ते बोट घालून कळलं. मालाड स्टोन पिवळट, बसाल्ट काळा आणि हट्टी, पोरबंदर मऊ म्हणून नक्षीला, हेही हात लावूनच कळतं, फोटोत नाही कळत.

फक्त काम घ्यायच्या आधी एक प्रश्न विचार, आणि हा प्रश्न मी पुढच्या सगळ्या उत्तरांत परत परत आणणार आहे. मी काढलेलं ड्रॉइंग नंतर कुठे जाणार? त्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही चौघांनी दोन महिने मान मोडून एका वाड्याची बावीस शीट काढली. ज्या ऑफिससाठी काढली ते पुढे बंद झालं, वाडा पाडला, आणि ती शीट कुठे आहेत हे आज चौघांपैकी कुणालाही माहीत नाही. वाडा गेल्याचं दुःख आहेच, पण त्याची मापंसुद्धा गेली, याचं मला अजून जास्त वाईट वाटतं. तेव्हा ऑफिसवाल्यांना नम्रपणे विचार की एक कॉपी कॉलेजच्या लायब्ररीत देता येईल का, शीटवर आमची नावं येतील का. क्लायंटच्या खाजगी कारणाने नाही म्हणाले तर समजू शकतं, पण प्रश्न ऐकून हसले तर दुसरं ऑफिस शोध.

प्रश्न: नमस्कार. मी डोंबिवलीचा, रिटायर्ड आहे. मुलगा आर्किटेक्चरला आहे, मे महिन्यात कुठल्याशा जुन्या इमारतीचा सर्व्हे करायला जाणार म्हणतो. स्टायपेंड विचारलं तर लोकलचा पास निघेल इतकंच. मोडकळीस आलेल्या बिल्डिंगमधे चढायचं, उन्हात उभं राहायचं आणि पैसे नाहीत, याला नोकरी म्हणायची का? मी जाऊ देऊ का?

उत्तर: काका, तुमची काळजी रास्त आहे, आधी जिवाचं बोलू, मग पैशाचं.

महापालिका मोडकळीच्या इमारतींना वर्ग देते, त्यातला सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची इमारत. त्या वर्गातली इमारत असेल तर मुलाला आत जाऊ देऊ नका, कुणीही काहीही सांगितलं तरी, बाहेरून फोटोवरून जेवढं होईल तेवढंच करायचं. बाकी जुन्या लाकडी इमारतीत नियम साधे असतात. एकट्याने जायचं नाही. फळ्यांच्या जमिनीवर पाय टाकताना खिळ्यांची रांग बघायची, खिळे जिथे ओळीत दिसतात तिथे खाली वासा आहे, पाय तिथेच टाकायचा, दोन ओळींच्या मधे नाही. पोटमाळ्यावर कबुतरांची घाण असते ती वाळून उडते, तेव्हा तोंडाला चांगला मास्क हवा, रुमाल पुरत नाही. लोंबणाऱ्या वायरला हात नाही, ती बंद आहे असं सांगितलं तरी नाही. हेल्मेट आणि बूट ऑफिसने द्यायचे असतात, दिले नाहीत तर ते ऑफिस गंभीर नाही. आणि साइटवर जायची वेळ सकाळी साडेसहाची, अकराच्या आत बाहेरची मापं संपवायची, दुपारी सावलीत बसून कच्ची शीट काढायची, मुंबईच्या मे महिन्यात हा क्रम मोडणारा माणूस तिसऱ्या दिवशी आजारी पडतो.

आता पैसे. वरच्या उत्तरात लिहिलंय तसं हे काम मुळात बेकार माणसांना पगार देण्यासाठी सुरू झालं होतं, फुकट हात मिळवण्यासाठी नाही, त्यामुळे जे ऑफिस क्लायंटकडून डॉक्युमेंटेशनचं बिल घेतं त्याने मुलांना पैसे द्यायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे, आणि मुलाने ते मागावेत. संस्था लोकवर्गणीवर चालणारी असेल, ड्रॉइंग सगळ्यांसाठी खुली ठेवणार असेल, तर पासाच्या पैशात एक उन्हाळा द्यायला हरकत नाही. यात पुढे पोट भरतं का, तर भरतं. मुंबईची हेरिटेज नियमावली १९९५ पासून आहे, यादीतल्या वास्तूला ग्रेड वन, टू-ए, टू-बी, थ्री असे दर्जे आहेत, आणि त्यात मोठं काम करायचं तर हेरिटेज कमिटीपुढे कागद न्यावे लागतात, त्या कागदांत आहे त्या स्थितीची ड्रॉइंग असतातच. सीएसएमटी २००४ मधे आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ मधे जागतिक वारसा यादीत गेल्या, तेव्हाही त्याच्या मागे वर्षानुवर्षांची नोंद होती. बिल्डरकडच्या पगाराइतकं सुरुवातीला मिळणार नाही हे मात्र खरं, ते मी लपवणार नाही. मुलाला जाऊ द्या काका, पण साइटचा पत्ता आणि सोबत कोण आहे त्याचा नंबर घरी लिहून ठेवा.

प्रश्न: मी कुर्ल्याचा, सिव्हिल डिप्लोमाचा शेवटचा पार्ट चालू आहे. मला बिल्डिंगपेक्षा जुने लोखंडी पूल आवडतात, लहानपणापासून रेल्वेचे पूल बघत आलोय. डॉक्युमेंटेशन फक्त आर्किटेक्टलाच करता येतं का?

उत्तर: तुझं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण पूल मापणारी माणसं आपल्याकडे फारच कमी आहेत आणि पूल मात्र जातायत. भायखळ्याजवळचा हँकॉक पूल १८७९ चा, २०१६ च्या जानेवारीत पाडला. मशीद बंदरचा कर्नाक पूल १८६८ चा, तो २०२२ च्या नोव्हेंबरमधे मोठा ब्लॉक घेऊन उतरवला. पाडायची कारणं होती, पूल कमकुवत झालेले, मी त्यावर वाद घालत नाही, लोकांच्या जिवापेक्षा पूल मोठा नाही. पण अशा पुलाचा प्रत्येक जोड कसा होता, कुठल्या प्लेटवर किती रिव्हेट (प्लेटी जोडणारे गोल डोक्याचे खिळे) होते, दुरुस्ती कुठे कुठे झाली, हे कुणीतरी मापून सगळ्यांना बघता येईल असं ठेवायला हवं. शंभर-दीडशे वर्षं रहदारीचा भार सोसलेल्या लोखंडाकडून इंजिनिअरला शिकण्यासारखं खूप असतं आणि ते लोखंड भंगारात गेलं की विचारणार कुणाला.

अमेरिकेत पुलांसाठी वेगळा विभाग काढला त्यात सिव्हिल इंजिनिअरांची संघटना पहिल्यापासून भागीदार आहे, त्यामुळे आर्किटेक्टच हवा असं काही नाही. उलट पुलाचं ड्रॉइंग सिव्हिलवाला चांगलं काढतो, त्याला भार कुठून कुठे जातो ते दिसतं.

पण सुरुवात रेल्वेच्या पुलापासून करू नकोस. विनापरवाना रुळांच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि गुन्ह्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिथे जीव जातो, मापाच्या नादात गाडी ऐकू येत नाही. स्टेशनात कॅमेरा लावायलाही परवानगी लागते. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीने अर्ज कर, मिळायला वेळ लागतो म्हणून आत्ताच कर, आणि तोवर जे लोखंड रस्त्यावरून दिसतं त्यावर हात बसव. काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत, आताची एस्प्लनेड मॅन्शन, तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडमधे सुटा करून बोटीने आणला आणि इथे जोडला. १८९६ च्या ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईत पहिल्यांदा दाखवली ती तिथेच. फुटपाथवर उभं राहून तू तिच्या खांबांची अंतरं टिपू शकतोस.

रिव्हेटच्या कामात काय बघायचं ते थोडक्यात न लिहिता सविस्तरच सांगते, कारण हे कुठे एका जागी वाचायला मिळत नाही. आधी गर्डर एकसंध आहे की प्लेटी आणि अँगल रिव्हेटने जोडून केलाय ते बघ, जुना असेल तर बहुधा जोडलेलाच असतो. मग रिव्हेटच्या दोन डोक्यांमधलं अंतर मोज, गर्डरच्या मधल्या भागात ते जास्त असतं आणि आधाराजवळ किंवा जोडाजवळ कमी होत जातं, ते का हे तुला स्ट्रक्चरच्या पुस्तकातून माहीत असेल, इथे ते बोटाखाली मोजता येतं. जिथे गोल डोक्याऐवजी षटकोनी नट दिसेल तिथे खूण कर, ती नंतरची दुरुस्ती. आणि गर्डरच्या वेबवर, म्हणजे मधल्या उभ्या प्लेटवर, रंगाच्या थरांखाली अक्षरं उठलेली आहेत का ते हात फिरवून बघ. ज्या कारखान्यात लोखंड लाटलं त्याचं नाव तिथे उठवलेलं असायचं. फोटोत ती अक्षरं येत नाहीत, रंगाने बुजलेली असतात. पातळ कागद त्यावर धर आणि पेन्सिल आडवी करून घास, जशी लहानपणी नाण्यावर घासायचास, अक्षरं उमटतात. तो कागद तारीख आणि जागा लिहून वहीत चिकटव.

पूल सोडून बाकीचं इंजिनिअरिंगही विसरू नकोस. या शहराला पाणी विहारचं १८६० मधे, तुळशीचं १८७९ मधे आणि तानसाचं १८९२ मधे आलं, त्या काळचे व्हॉल्व्ह, चौक्या, पाइपाखालच्या कमानी अजून काही ठिकाणी उभ्या आहेत. धरणाच्या आत परवानगीशिवाय नाही, पण पाइपलाइनच्या कडेने तू रोज जात असशील. गिरण्यांच्या चिमण्याही मोजक्याच उरल्यात. ज्या गिरणगावात भोंग्यावर घड्याळं लावायचे तिथली चिमणी किती उंच होती हे नातवंडांनी विचारलं तर आकडा सांगणारा कागद असायला हवा.

प्रश्न: मुलुंडहून लिहितेय, बॉटनी केलंय. इमारतींमधलं मला कळत नाही, झाडांचं कळतं. मला या कामात जागा आहे का?

उत्तर: आहे, आणि रिकामी आहे. राणीच्या बागेत जा, १८६२ ची बाग आहे, तिथे गोरखचिंचेखाली उभी राहा आणि ठरव की या झाडाची नोंद कशी करशील. खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात हे तुला येतच असेल. पण बाग म्हणून नोंद करायची तर रस्त्याचं वळण झाडामुळे पडलं की झाड वळण बघून लावलं, कट्टा कधी बांधला, कट्ट्याने मुळं आवळली गेलीत का, उतार कुठे, पावसाचं पाणी कुठे साचतं हेही टिपावं लागतं, आणि हे आर्किटेक्टच्या नजरेतून सुटतं. बाणगंगा, शिवचे आणि शिवडीचे किल्ले, जुन्या दफनभूम्या, वांद्र्याचे क्रॉस आणि त्यांच्या शेजारची झाडं, कुठल्याही टीमला तुझ्यासारखी एक मुलगी हवी असते. वर ज्या संस्था लिहिल्यात त्यांनाच पत्र लिही, फक्त त्यात पहिल्याच ओळीत लिही की मी झाडं ओळखते.

प्रश्न: आम्ही गिरगावातल्या चाळीत राहतो, चौथी पिढी. चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय, बहुतेक दिवाळीनंतर रिकामी करायची. सगळ्यांना नवीन घर हवंय, मलाही हवंय, आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत. पण वाटतं की हे सगळं कुठेतरी लिहून मापून ठेवावं. आमच्यात आर्किटेक्ट कुणी नाही. चाळीतल्या पोरांना सुट्टीत हे काम देता येईल का?

उत्तर: दादा, नक्की देता येईल, आणि तुमच्याइतकं चांगलं कुणी करू शकणार नाही. घर हवंय आणि आठवणही हवीय यात काही चूक नाही. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून सरकारने बांधलेल्या २०७ बीडीडी चाळी होत्या, शंभरेक वर्षांच्या, एकेका मजल्यावर वीस आणि एका चाळीत ऐंशी खोल्या, १६० चौरस फुटांच्या. तिथल्या बऱ्याच माणसांना मोठी घरं मिळतायत हे चांगलंच आहे. पण त्या वीस खोल्यांच्या मजल्यावर सण कसा व्हायचा, कुठल्या खांबाला दोरी बांधायचे, हे प्लॅनमधे नाही येत, ते राहणाराच सांगू शकतो. बहुतेक चाळी हेरिटेज यादीत नाहीत, म्हणजे त्यांची नोंद करायला कुणी अधिकृतपणे येणार नाही.

सामान फार लागत नाही. तीस मीटरचा एक टेप, पाच मीटरचा एक, ओळंबा, दहा मीटर पारदर्शक नळी, मोठ्या चौकटीची वही, पेन्सिल. पेन नको, घामाने आणि पाण्याने पसरतं. पोरांचे तिघांचे गट करा. एक झीरो धरणार, एक वाचणार, एक लिहिणार, आणि लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा, हे पहिल्या दिवशी पोरांना उगाच वाटतं पण निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

गॅलरी मापताना टेपचा झीरो जिन्याच्या कोपऱ्यावर ठेवा तो हलवूच नका, आणि प्रत्येक दाराचा, खिडकीचा, खांबाचा आकडा त्या एकाच झीरोपासून वाचत पुढे जा. एकेक खोली सुटी मापलीत आणि प्रत्येकीत एकच सूत चुकलं तर विसाव्या खोलीपर्यंत वीस सूत म्हणजे अडीच इंच इकडचं तिकडे होतं आणि मग ड्रॉइंग जुळत नाही आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

खोलीच्या चार भिंती मापून भागत नाही, कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन्ही कर्ण घ्या. समजा बारा बाय नऊची खोली आहे, काटकोनात असती तर दोन्ही कर्ण पंधरा फूट आले असते. एक आला पंधरा फूट दोन इंच आणि दुसरा चौदा फूट दहा इंच, तर खोली तिरकी झालीय. गवंडी हे गुण्या लावून बघतो, तुम्ही टेपने बघा. जुन्या चाळीत सरळ खोली क्वचितच सापडते, आणि ती किती कुठल्या बाजूला कललीय हाही तिचा इतिहासच आहे, म्हणून ड्रॉइंगमधे मुद्दाम सरळ करू नका.

नळीत पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, एक टोक एका भिंतीला दुसरं समोरच्या भिंतीला धरा, पाणी स्थिरावलं की दोन्हीकडे खडूने खूण करा. अशी एकाच पातळीची रेघ खोलीभर फिरवा आणि तिच्यापासून खाली जमिनीपर्यंत आणि वर तुळईपर्यंत मापा. जमीन कुठे दबलीय ते लगेच दिसतं. मोरीकडे ती दबलेली असतेच बहुतेक.

मापं पोरांची, पण गोष्टी म्हाताऱ्यांच्या. प्रत्येक खोलीत एकाने फोन रेकॉर्डिंगला लावून बसायचं आणि वस्तूवरून विचारायचं, मोघम आठवणी सांगा असं म्हणायचं नाही. ही कडी कशाची? पाळण्याची. हा खिळा? कंदिलाचा. पोटमाळा कधी टाकला, कोणाच्या लग्नाआधी. नळाला पाणी किती वाजता यायचं, रांगेत पहिलं कोण. कठड्याच्या डिझाइनचा फोटो काढताना शेजारी फूटपट्टी धरा आणि कॅमेरा समोरून सरळ धरा, खालून वर तिरका नको. आत्ता गॅलरीत जे वाळत घातलंय, जो डबा टांगलाय, तुळशीची कुंडी, ते उचलून ठेवू नका, तेही ड्रॉइंगमधे घ्या.

सगळ्यांच्या परवानगीने करा, ज्यांना नको असेल त्यांची खोली सोडा. आणि पोरांना काहीतरी पैसे द्या, चाळीच्या फंडातून, दहीहंडीच्या वर्गणीतून, कुठूनही, थोडे का होईना, म्हणजे ते काम समजून येतील.

आणि माझा तो प्रश्न, हे कुठे जाणार? एक संच चाळीच्या कमिटीकडे, तो नव्या बिल्डिंगच्या सोसायटी ऑफिसात फ्रेम करून लावता येईल. दुसरा जवळच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या लायब्ररीत, तिथल्या प्राध्यापकांना आधीच भेटा, एखादा विद्यार्थी कच्च्या मापांवरून पक्कं ड्रॉइंग करून द्यायला तयार होतो. तिसरा स्कॅन करून विकिमीडिया कॉमन्सवर, विकिपीडियाच्या खुल्या चित्रसंग्रहावर, म्हणजे कुणालाही बघता येईल. माणसांचे चेहरे आणि खाजगी गोष्टी त्यातून आधी काढा. पेन्सिलीच्या वह्या फेकू नका, पक्क्या ड्रॉइंगपेक्षा त्याच जास्त खऱ्या असतात.

मी गिरगावात दर शनिवारी असते. संपादकांकडे निरोप ठेवा, मी पहिल्या दिवशी येऊन पोरांना टेप धरायला शिकवीन. छपराची मापं मात्र आधी उरका, मे महिन्यातच, अनुभवी सुताराला बरोबर घेऊन, पोरांना वर चढवू नका. जूनचा पहिला पाऊस कौलांवर पडला की तिथे सुताराचाही पाय ठरत नाही.